बारा बदकं आणि दोन सह्या

सेन्तेन्द्रे गावात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत एतेल्काचं दुकान होतं. दुकानाच्या काचेवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं : 'कागदावरची अस्सल आधुनिक हंगेरियन चित्रं विकत मिळतील.' आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरांत, तिनं स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली होती : 'हात ओळखून मिळेल.' म्हणजे चित्रावर सही असो वा नसो, ते कुणी काढलंय हे बाई नुसती रेष बघून सांगतील. आणि बाई सांगायच्याही! सव्वीस वर्षं सांगत होत्या. त्या चुकल्याचं एकदाही सिद्ध झालं नव्हतं, कारण ज्यांची नावं त्या सांगायच्या ते चित्रकार बहुतेक वारलेले असायचे.

दुकानाची जागा मात्र तिच्या एकटीची नव्हती. आईच्या मागे ती दोघा भावंडांच्या नावावर झाली होती. धाकटा भाऊ गेदेओन गावातला गुरांचा डॉक्टर. माणूस प्रेमळ, दर रविवारी बहिणीला पीच आणून देणारा. पण व्यवहाराला पक्का.

"ताई," तो म्हणाला, "गावात पर्यटक दोनच गोष्टींसाठी येतात. आइस्क्रीम खायला, आणि फ्रिजवर चिकटवायचं चुंबक घ्यायला. कागदावरचं चित्र घ्यायला कोण येतं?"

"येतात."

"गेल्या महिन्यात कोण आलं?"

"एक जपानी जोडपं आलं होतं."

"ते पत्ता विचारायला आलं होतं, ताई! आइस्क्रीमच्या दुकानाचा!"

शेवटी ठरलं ते असं. उन्हाळा संपेपर्यंत एक तरी मोठी विक्री झाली तर दुकान एतेल्काचं. नाही झाली, तर एक आइस्क्रीमवाला जागा भाड्यानं मागतच होता.

एतेल्का घाबरली नाही. तिच्याकडे बारा बदकं होती.

ती तिला जूनमध्ये मिळाली होती, बोरिश्का मावशीकडे. मावशीचं वय ब्याऐंशी. एके काळी गावात चित्रकारांचं उन्हाळी शिबिर भरायचं, तिथं मावशी स्वयंपाकीण होती. एतेल्का तिच्याकडे जर्दाळूचा जॅम आणायला गेली, तर कोठीत बरण्यांच्या फळीखाली कागदांची एक चवड. बारा कागद. प्रत्येकावर काळ्या शाईनं काढलेली लांब मानेची बदकं, चार-पाच फटकाऱ्यांत एक बदक. एतेल्का तिथंच खाली बसली.

"अगं, ती ना त्या उन्हाळ्यात..." मावशी जॅम ढवळता ढवळता म्हणाली.

"थांबा, मावशी! सांगू नका! मला ओळखू द्या." एतेल्कानं एक कागद खिडकीशी धरला, डोळे बारीक केले. "शिबिरातले बेनेडेक काका. साल एकाहत्तर."

"साल बरोबर आहे. पण मी काय म्हणते..."

"मावशी, रेष बोलते!"

"बरं बाई. बोलत असेल," मावशी म्हणाली आणि पुन्हा पातेल्याकडे वळली, कारण जॅम खाली लागत होता. बाराही कागद तिनं चांगल्या भावात देऊन टाकले. फळी रिकामी झाली याचाच तिला जास्त आनंद झाला.

गिऱ्हाईकही मिळालं. ग्योर शहरातले दातांचे डॉक्टर सालकाई. गृहस्थ वीस वर्षं फक्त कागदावरची चित्रं जमवत होते. फोनवर त्यांनी बाराही बदकं एकदम घ्यायची तयारी दाखवली, पण एक अट घातली.

"सही पाहिजे. मूळ दिसल्याशिवाय मी दाताला हात लावत नाही, आणि सही दिसल्याशिवाय चित्राला."

"सही होईल," एतेल्का म्हणाली. "काका गावातच आहेत. ठणठणीत आहेत."

डॉक्टर शनिवारी येणार होते. गुरुवारी एतेल्का आंबट चेरीचा केक घेऊन टेकडीवर बेनेडेक काकांच्या घरी गेली. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर, पांढऱ्या मिश्या, जन्म बॉयॉ शहरातला. घरात ते आणि एक लठ्ठ मांजर.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पहिला कागद नाकाला लावला. डोळे ओले झाले त्यांचे.

"कुठं मिळालं तुला हे, पोरी?"

"मिळालं कुठं तरी. तुमचंच ना?"

"ही मान बघ. एका श्वासात ओढलीय! आज जमेल का कुणाला? शिबिरात एकच लांब टेबल होतं आम्हाला. शाई एक, कागद एक. पण हात? हात वेगळा असतो!"

"तेच तर मी म्हणते!" एतेल्कानं मऊ पेन्सिल पुढं केली. "बारा आहेत काका. सही करा. इथं खाली, उजव्या कोपऱ्यात."

"पेन्सिल मला दिसत नाही," काका म्हणाले. आणि ती काही बोलायच्या आत त्यांनी कुंचला शाईत बुडवला आणि झपाट्यानं सह्या करत सुटले. बारा कागद, बारा सह्या. काळ्या, पक्क्या, दहा पावलांवरून वाचता येतील अशा. एतेल्का शेवटच्या सहीवर टीपकागद दाबत होती, तेव्हा काका केकचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले,

"यातली ही पाच मात्र आम्ब्रुशची."

"काय?"

"बघ ना. बदकाचे पाय आहेत की स्टुलाचे? सेगेद शहरच्या माणसाचं काम!"

"अहो काका, मग त्यांवर सही कशाला केलीत?"

"तू म्हणालीस सही करा."

"तुमच्या चित्रांवर!"

"तसं नाही म्हणालीस. तू म्हणालीस, बारा आहेत, सही करा, इथं खाली, उजव्या कोपऱ्यात." त्यांनी मिशीवरचा केक पुसला. "केली."

एतेल्काच्या तोंडचं पाणी पळालं. बाराच्या बारा एका हाताची, असं तिनं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. बरं, शिबिरातल्या त्या दुसऱ्या चित्रकाराकडे, आम्ब्रुश काकांकडे जाऊन 'जरा एवढं निस्तरा' म्हणावं, तर या दोघांत पन्नास वर्षं बोलणं नव्हतं. एकाच गावात राहून! चर्चमध्येसुद्धा एक डावीकडे बसे, एक उजवीकडे.

भांडण चित्रांवरून नव्हतं. चित्रांवरून माणसं इतकी भांडत नाहीत. भांडण माशाच्या रश्श्यावरून होतं. बॉयॉत कार्प मासा, कांदा, पाणी आणि पाप्रिकाची लाल पूड एकाच कढईत रटरटू देतात आणि रस्सा ताटात शेवयांवर ओततात. सेगेदमध्ये आधी लहान मासे आणि कांदा शिजवून चाळणीतून गाळतात, त्या दाट रश्श्यात मोठ्या माशाचे तुकडे सोडतात. आणि शेवयांचं नाव काढलं तर पानावरून उठतात. एकाहत्तर साली, शिबिराच्या शेवटच्या दिवशी, बेनेडेकनं आम्ब्रुशच्या कढईत मूठभर शेवया टाकल्या. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

तरीही एतेल्काला रात्रीतून एक युक्ती सुचली. त्या पाच चित्रांवर दोघांच्या सह्या असल्या, तर 'दोघांनी मिळून केलेली चित्रं' म्हणून ती खपतील! उलट भाव वाढेल! शुक्रवारी सकाळी ती आम्ब्रुश काकांकडे नदीकाठी हजर झाली.

आम्ब्रुश काका सडपातळ, टापटिपीचे. गाळायची त्यांना इतकी सवय की कॉफीसुद्धा दोनदा गाळून पीत.

"काका," एतेल्कानं सुरुवात केली, "बेनेडेक काका म्हणाले, ही पाच चित्रं तुम्ही दोघांनी मिळून काढलीत."

"बेनेडेकनं माझं नाव घेतलं? तोंडानं?"

"हो."

"शिवी न देता?"

"जवळजवळ."

आम्ब्रुश काकांनी कप खाली ठेवला. "किती चित्रं आहेत एकूण?"

"बारा. पण तुम्हाला पाचच..."

"सगळी दाखव."

इथं एतेल्कानं 'बाकीची दुकानात आहेत' म्हणायला हवं होतं. पण पिशवी हातात होती आणि खोटं बोलण्याचा त्या दिवसाचा वाटा तिनं आधीच संपवला होता. काकांनी बारा कागद टेबलावर मांडले, दोनदा फेरी मारली आणि ती पाच नेमकी बाजूला काढली.

"ही त्याची. मान बघ, शिजलेली शेवई! ही सात माझी."

"अहो, त्या सातांवर बेनेडेक काकांची सही आहे."

"तेच तर म्हणतोय! चोर!"

"काका, थांबा, थांबा..."

पण काकांचं पेन टोपणातून बाहेर आलेलं होतं. सातही चित्रांवर, डाव्या कोपऱ्यात, त्यांनी सही ठोकली. बेनेडेकच्या सहीपेक्षा बोटभर मोठी!

आता हिशेब असा झाला : सात चांगल्या बदकांना दोन बाप, आणि पाच वाईट बदकांवर ज्याची सही तोच म्हणतो माझी नव्हेत. एतेल्का आगीतून निघून फुफाट्यात पडली होती, आणि फुफाटा तिनंच पेटवला होता.

दुकानात परत आली तर आत गेदेओन, आणि त्याच्याबरोबर एक लठ्ठ गृहस्थ, हातात मोजपट्टी.

"नुसतं माप घेतोय, ताई," गेदेओन ओशाळून म्हणाला. "फ्रीझर बसतो का बघायला. ठरलं काहीच नाहीये."

"इथं पिस्ता," तो गृहस्थ कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "तिथं लिंबू."

एतेल्का खुर्चीवर बसली आणि रडली. सव्वीस वर्षांत त्या दुकानात ती पहिल्यांदाच रडत होती. गेदेओननं पिस्ता-लिंबूला बाहेर घालवलं आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. हसू आलं तरी तो हसला नाही. तेवढा तो चांगला होता. पण दुपारी तो बेनेडेक काकांच्या मांजराला इंजेक्शन द्यायला गेला, आणि मांजराला धरता धरता काकांना सगळं सांगून बसला. तेवढा तो चांगला नव्हता.

चार वाजता बेनेडेक काका काठी टेकत, टेकडी उतरून, अख्ख्या गावासमोर आम्ब्रुशच्या अंगणात शिरले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा! एतेल्का बातमी कळताच चपलांनिशी धावली.

"माझ्या बदकांवर सही?"

"तुझी? तुला बदक कधी जमलं रे? तुझं बदक म्हणजे चोच लावलेली उशी!"

"आणि तुझं बदक म्हणजे गाळलेलं! मांस नाही, हाड नाही, नुसतं पाणी!"

"गाळण्याबद्दल बोलू नकोस!"

"बोलणार! गाळलेला रस्सा दात पडलेल्यांनी प्यायचा असतो!"

"शेवया घातलेला रस्सा डुकरांनी!"

झालं. बदकं राहिली बाजूला. एतेल्का दोघांच्या मध्ये हात जोडून उभी. "काका, अहो काका, उद्या डॉक्टर यायचेत!"

"येऊ दे! त्यालाही वाढू!" बेनेडेक काका गरजले. "उद्या इथंच, याच अंगणात दोन कढया. ज्याचा रस्सा हरला, त्यानं चित्रांवरून स्वतःचं नाव काळं करायचं!"

"कबूल! निवाडा कोण करणार?"

मग पन्नास वर्षांत पहिल्यांदा दोघांच्या तोंडून एकच नाव निघालं. "बोरिश्का!" शिबिरात दोघांना तीन उन्हाळे जेवायला घालणारी तीच होती.

शनिवारी सकाळपासून नदीकाठी धूर. दोन तिवया, दोन काळ्या कढया, दोन म्हातारे पाठीला पाठ लावून ढवळताहेत. गेदेओन दोघांनाही लाकडं पुरवत होता आणि ब्रेड तोडून दोन्ही कढयांत बुडवत होता. एतेल्कानं चित्रं अंगणालगतच्या होडीघरात, सावलीत, लांब टेबलावर मांडली होती. रश्श्याचा एक शिंतोडाही तिथवर पोचता कामा नये, म्हणून स्वतः दारात उभी.

डॉक्टर सालकाई पांढऱ्या सुटात आले, धुरात खोकले आणि सरळ आत गेले. खिशातून भिंग काढून कागदांवर वाकले. प्रत्येक कागदाला त्यांनी आधी उजेडात धरलं, मग कडा तपासल्या, मग रेघ. सातव्या कागदापाशी सुस्कारा टाकला.

"सुंदर! फारच सुंदर. पण बाई, यावर दोन सह्या आहेत."

"हो. ते... आहेत."

"आणि ही पाच जरा... एखाद्यानं डाव्या हातानं काढल्यासारखी. नक्की कुणाचा हात हा? तुम्ही हात ओळखता म्हणे."

एतेल्कानं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून बोरिश्का मावशी आत आली. कमरेला एप्रन, हातात स्वतःचा चमचा. ऊन लागत होतं म्हणून सावलीला आली होती. टेबलाकडे बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"अगं बाई! माझ्या बदकांवर यांची नावं कुणी लिहिली?"

बाहेर दोन्ही कढयांतले झारे थांबले.

"तुमची?" एतेल्का पुटपुटली.

"नाही तर कुणाची? चाळीस माणसांचा स्वयंपाक असायचा रोज. दुपारी भांडी उरकली की यांच्या टेबलावर उरलेली शाई, उरलेले कागद. हे दोघं ढाराढूर झोपलेले! मी बसायची काढत. हजारभर बदकं सोललीत मी, एतेल. मान कुठून वळते ते कळायला मला शाळा कशाला हवी?"

"मावशी, मला सांगायचं होतं हो तुम्ही!"

"सांगत होते. तू म्हणालीस रेष बोलते."

दारात दोन म्हातारे येऊन उभे होते, हातात झारे, झाऱ्यांवरून रस्सा ठिबकतोय. कुणी कुणाकडे बघेना.

"आणि ही पाच?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीही माझीच होती आधी." मावशीनं चमच्यानं दोघांकडे निर्देश केला. "मग या दोघांनी मला सुधारून दिली. माना यानं ओढल्या, पाय त्यानं लावले. हाताखालचीच होती मी, नाही कसं म्हणणार?"

बेनेडेक काका खोकले. आम्ब्रुश काका छताकडे बघू लागले. म्हणजे सात चित्रांना दोघांपैकी कुणाचाही हात लागला नव्हता आणि तीच दोघांनी माझी म्हटली होती. दोघांचा हात लागला होता तो फक्त या पाचांना, आणि ती पाच दोघांनाही नको होती!

आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून एतेल्का खरं तेच बोलली.

"डॉक्टर, मी चुकले. मला हात ओळखता आला नाही. या मावशींचं बोलणं ऐकून घेतलं असतं तर एवढं झालंच नसतं. तुम्ही लांबून आलात, निदान जेवून जा."

गेदेओन दाराशी आला होता. त्याच्या तोंडात ब्रेडचा तुकडा तसाच राहिला.

डॉक्टरांनी भिंग रुमालानं पुसलं. सावकाश पुसलं. "बाई, वीस वर्षांत मी पुष्कळ प्रमाणपत्रं पाहिली," ते म्हणाले. "पण दोन नावाजलेल्या चित्रकारांनी पक्क्या शाईत लिहून दिलंय, की हे आपण काढलं असतं तर फार बरं झालं असतं! असं प्रमाणपत्र मी पाहिलेलं नाही. सात घेतो. फक्त यांची सही पाहिजे."

मावशीनं एप्रनला हात पुसले. एतेल्कानं तीच मऊ पेन्सिल दिली. दोन्ही कोपरे भरलेले होते, म्हणून मावशीनं मधोमध, जॅमच्या बरणीवर चिठ्ठी लिहावी तसं लिहिलं : 'बोरिश्का, १९७१.' सात वेळा. मग चष्मा काढून म्हणाली, "आता रस्सा आणा. गार होतोय."

तिनं आधी बेनेडेकच्या कढईतला घेतला, मग आम्ब्रुशच्या. जीभ टाळ्याला लावून विचार केला. अंगणात अख्खं गाव जमलेलं.

"दोन्हींत मीठ कमी," मावशी म्हणाली.

"मीठ बरोबर आहे!" दोघं एकदम ओरडले. मग एकमेकांकडे बघितलं. मग बेनेडेकनं आम्ब्रुशच्या कढईतला चमचाभर चाखला, आम्ब्रुशनं बेनेडेकच्या. "तुझ्यातसुद्धा मीठ बरोबर आहे रे," आम्ब्रुश काका म्हणाले. त्या दिवसापासून दोघं बोलतात. मुख्यतः मावशीविरुद्ध बोलतात, पण बोलतात.

दुकान राहिलं. गेदेओननं पिस्ता-लिंबूला दुसरी जागा शोधून दिली. सुधारलेली पाच बदकं कुणीच नेली नाहीत, ती दुकानात मागच्या भिंतीवर टांगलेली आहेत. विकायची नाहीत, कारण कुणी मागत नाही. काचेवरची 'हात ओळखून मिळेल' ही ओळ एतेल्कानं ब्लेडनं खरवडून काढली. सोनेरी रंग चांगल्या प्रतीचा होता, अर्धा दिवस लागला.

पंधरा दिवसांनी एक तरुण बाई आली. आजीच्या कपाटात सापडलेली कागदाची सुरळी घेऊन. "सही नाहीये," ती म्हणाली. "पण म्हणतात की तुम्ही नुसती रेष बघून सांगता."

एतेल्कानं कागद उलगडला. नदी, दोन होड्या, वर ढगाचा एक फटकारा. रेष नुसती बोलत नव्हती, ओरडत होती! नाव एतेल्काच्या जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं. तिनं तोंड घट्ट मिटलं. कागद पुन्हा नीट गुंडाळून टेबलावर ठेवला.

"सांगते," ती म्हणाली. "पण आधी मला सांगा, तुमच्या आजीकडे स्वयंपाक कोण करायचं?"